लुलाखचा सावत्र बाप

टिलीब्रे, लमफॅनन
११ ऑक्टोबर १९८४

प्रिय डूगल,

नाटकाची दोन तिकिटं पोचली. पाकिटात चिठ्ठी नव्हती, पण पत्त्यावरचं अक्षर तुझं होतं, म्हणून आभार तुझेच मानतो. आम्ही दोघं बरे आहोत. बटाट्यांची सुट्टी लागली आहे. शाळा बंद आणि पोरं शेतात वाकलेली. तुझी आई नेहमीइतक्याच ओटच्या भाकऱ्या भाजते. डबा मात्र हल्ली सावकाश रिकामा होतो. कुत्रा सुतार अ‍ॅलीकडे दिला. त्याला टेकडीवर नेणारं माणूस हवं आणि माझे गुडघे कुरकुरतात.

आता पत्राचं कारण लिहितो.

रविवारी नेटा फार्करच्या दुकानात पेपर आणायला गेलो. मी तोंड उघडायच्या आधीच ती म्हणाली, "आज पेपर आले नाहीत, मास्तर."

"गाडी तर येऊन गेली."

"गाडी आली. पेपर नाही आले."

कोपऱ्यात म्हातारा वुली मिल्न बटाट्याच्या पोत्यावर बसला होता. मला पाहून त्याने हातातलं काहीतरी बुडाखाली सरकवलं.

"मग वुली कशावर बसलाय?"

"कालच्यावर," नेटा म्हणाली.

"शनिवारचा पेपर इतका जाड नसतो, नेटा."

वुली उठला, पेपर माझ्या हातात दिला आणि टोपी काढली. इतक्या वर्षांत या माणसाने माझ्यासमोर टोपी काढलेली नाही. मयताच्या घरी काढतात तशी काढली.

पेपरात तुझा मोठा फोटो आहे. मुकुट, रक्त, दाढी. दाढी तुला शोभत नाही. मुलाखत दोन पानं आहे. दुसऱ्या पानाबद्दल मी काही लिहिणार नाही. पहिल्याबद्दल लिहितो, कारण तो माझा विषय आहे आणि तू माझा विद्यार्थी होतास.

तू सांगतोस की नाटकातला तुझा हा राजा म्हणजे महत्त्वाकांक्षेने पोखरलेला माणूस. पाहुणा म्हणून घरी आलेल्या म्हाताऱ्या राजाला त्याने झोपेत मारलं. बायकोने भरीला घातलं. मग देशावर काळोख पसरला आणि इंग्लंडहून फौज आली तेव्हा कुठे उजाडलं. वार्ताहराने विचारलं, हे खरंच घडलं होतं का? तू उत्तर दिलंस, "थोडंफार."

थोडंफार!

डूगल, तू माझ्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसायचास. तिथून तुला टेकडी दिसायची. त्या टेकडीवर, झाडांच्या वर्तुळात, दगडांचा ढीग आहे, आणि त्या ढिगाला त्या राजाचं नाव आहे. आपण राहतो त्या गावात तो लढाईत पडला. दर वर्षी शाळा उघडली की मी वर्गाला वर न्यायचो आणि प्रत्येक पोर एक दगड ठेवायचं. तूही ठेवलास. आणि आता म्हणतोस, थोडंफार.

तर ऐक. त्याचं नाव मॅक बेथाद, फिनलाखचा मुलगा. नावाचा अर्थ जीवनाचा पुत्र. तुमच्या नाटकातला तो म्हातारा, झोपलेला राजा म्हातारा नव्हता. वय व्हायच्या आत गेला, असं जुन्या बखरीत लिहिलंय. तो पाहुणा म्हणूनही आला नव्हता. इंग्लंडमधल्या डरहॅमला मार खाऊन परतला आणि पुढच्या स्वारीला मोरेवर, म्हणजे मॅक बेथादच्या घरावर, फौज घेऊन आला. एल्गिनजवळ लढाईत पडला. बिछाना नाही, खंजीर नाही, चेटकिणी नाहीत.

मग मॅक बेथादने सतरा वर्षं राज्य केलं. त्या काळात आपल्याकडच्या राजांची कारकीर्द कशी संपायची ते तुला मी फळ्यावर लिहून दाखवलं होतं. सतरा वर्षं! पिकं चांगली आली, अशी नोंद आहे. त्याने आणि राणीने लॉख लेव्हन तळ्यातल्या बेटावरच्या संन्याशांना जमिनी दिल्या. आणि मधल्या काळात तो रोमला गेला आणि तिथे गोरगरिबांत चांदी पेरल्यासारखी उधळली. रोमला, डूगल. त्या काळी जायला-यायला कित्येक महिने लागत. राजा देश सोडून गेला आणि परत आला तेव्हा गादी जागच्या जागी होती. जुलमी माणसाला हे परवडत नाही. जुलमी माणूस शेजारच्या गावीसुद्धा जात नाही.

पाच शतकांनी एक नाटकवाला उठला. त्याच्या राजाला खूश करायचं होतं, आणि तो राजा स्वतःला दुसऱ्या बाजूच्या, म्हणजे मॅक बेथादच्या शत्रूंच्या, वंशातला समजत होता. झालं. सतरा वर्षं गेली आणि एक रात्र उरली. तीही न घडलेली.

मंगळवारी मी तुझ्या नाटकघरात फोन केला तो याचसाठी. तुला आठवत असेलच, पण मला कसा ऐकू आला ते लिहितो.

"वॉटी? तू? आई बरी आहे ना?"

"आई बरी आहे. मला बोलायचंय ते—" आणि मी राजाचं नाव घेतलं.

"नाव नको घेऊ!" तू किंचाळलास. "मी रंगपटात आहे!"

"कुणाचं नाव?"

"त्याचंच! थांब, फोन ठेवू नकोस."

मग पावलं. दार आपटलं. दूर कुणीतरी हसलं. बऱ्याच वेळाने तू धापा टाकत परत आलास. बाहेर जाऊन स्वतःभोवती तीन गिरक्या घेतल्यास, थुंकलास, एक शिवी दिलीस आणि दार वाजवून आत यायची परवानगी मागितलीस. नाटकघरात ते नाव अपशकुनी, आणि त्यावर उतारा म्हणून तुमच्यात तसा रिवाज आहे म्हणे.

"नाव मी घेतलं," मी म्हटलं. "मग तू का थुंकलास?"

"तू इथे नाहीस म्हणून. वॉटी, थट्टा नाही ही. गेल्या खेपेला एकाचा पाय मोडला."

"पायऱ्या बघून उतरायचं."

तू फोन ठेवलास. जीवनाचा पुत्र. त्याचं नाव घेतलं की तुम्ही लोक थुंकता, आणि त्याच्या नावावर पोट भरता.

पण माझा खरा राग याहून वेगळा आहे.

राणीचं नाव ग्रूऑख. तिचं आधी लग्न झालेलं होतं. पहिला नवरा जळून मेला, त्याच्या पन्नास माणसांसकट. कुणी जाळलं ते लिहिलेलं नाही. लोक म्हणतात, मॅक बेथादनेच. लोक म्हणतात. तिला एक लहान मुलगा होता, लुलाख. मॅक बेथादने त्या विधवेशी लग्न केलं आणि त्या मुलाला वाढवलं. शत्रूचा मुलगा, दुसऱ्याचं रक्त. मारायला सोपा होता. त्याने वाढवला, आणि त्याच्यामागे गादीवर तोच बसला.

तुमच्या नाटकात लुलाख कुठे आहे?

नाहीये. नाटकवाल्याला वांझोटा राजा हवा होता, म्हणून त्याने पोरगा खोडून टाकला. राजाने जे एक काम केलं, ज्याच्यासाठी त्याला लक्षात ठेवावं, तेच काढून टाकलं. आणि तू ती भूमिका घेतलीस. सगळ्या दुनियेत दुसऱ्या कुणी घेतली असती तर मी पत्र लिहिलं नसतं.

तू नऊ वर्षांचा असताना त्या दगडांपाशी हात वर केलास. "सर," तू विचारलंस. शाळेत तू मला सर म्हणायचास, तसा आपला करार होता. "सर, लुलाखला राजा आवडायचा का?"

मी म्हटलं, "तसं लिहिलेलं नाही."

तुझ्या आईने आत्ता मागून वाचलं. म्हणते, "राजाबद्दल आणखी लिही. म्हणजे स्वतःबद्दल लिहावं लागणार नाही."

म्हणून इथेच थांबतो. तिकिटांवर तुझी आई आणि नेटा येतील. मला बसचा प्रवास नको वाटतो. गुडघे.

वॉल्टर जेसिमन
निवृत्त मुख्याध्यापक


टिलीब्रे
२१ ऑक्टोबर

डूगल,

तुझं कार्ड आलं. एका बाजूला एडिंबराचा किल्ला, दुसऱ्या बाजूला एक ओळ: "वॉटी, ते फक्त नाटक आहे."

नेटाने ते मला देण्याआधी वाचलं होतं. लपवलंही नाही. "खरंय की मास्तर," म्हणाली, "नाटकच ते."

तर मग आता दुसऱ्या पानाबद्दल.

तू म्हणालास: "माझे वडील गेले आणि वर्ष उलटतंय न उलटतंय तोच त्यांच्या खुर्चीत दुसरा माणूस बसलेला होता. हा राजा शोधायला मला लांब जावं लागलं नाही." वार्ताहराने खाली लिहिलंय की हे सांगताना तुझे डोळे चमकले. दिवे असतील.

हेही फक्त नाटकच का? नाटकातल्या राजाला उठून उत्तर देता येत नाही, त्याला मरून नऊ शतकं झाली. मी लमफॅननमध्ये राहतो. मला रोज दुकानात जावं लागतं. वुली आता दरवाजा उघडून धरतो. तीस वर्षं त्याच्या नातवंडांना मी बेरीज शिकवली, तेव्हा त्याने कधी दार धरलं नाही. आता त्याला मी बघण्यासारखा वाटतो.

त्या संध्याकाळचं तू मला कधी विचारलं नाहीस. मीही सांगितलं नाही. तुझे वडील, हेक्टर गेडीस, माझे मित्र होते. तुला हे माहीत आहे, पण तू मुलाखतीत सांगितलं नाहीस. सांगितलं असतं तर गोष्ट बिघडली असती. गवत कापणीचे दिवस होते. शाळा सुटली की मी त्याच्या मदतीला जायचो. मदत म्हणजे फाटकं उघडायची. दुसरं मला काही जमायचं नाही आणि हेक्टर ते चारचौघांत सांगायचा. दुपारी पाऊस पडून गेला होता. मी म्हटलं, वरचा उतार ओला आहे, उद्या कर. तो हसला. मी फाटकाची कडी शोधत होतो, ती गंजलेली होती. तो ट्रॅक्टरवरून ओरडला, "काय मास्तर, फाटक उघडायला परीक्षा द्यावी लागते का?"

मी फाटक उघडलं. तो वर गेला. वळताना ट्रॅक्टर उलटला. मी पोचलो तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

एवढंच आहे. त्याचे शेवटचे शब्द म्हणजे माझी चेष्टा. मी ते कुणाला सांगितले नाहीत, कारण मरणाऱ्या माणसाच्या तोंडी लोकांना काहीतरी मोठं हवं असतं.

मग लोक म्हणू लागले. मास्तर तिथेच होता. फाटक मास्तरनेच उघडलं. मास्तर आधीपासूनच त्या घरी चहाला जायचा. पुढच्या उन्हाळ्यात मी तुझ्या आईशी लग्न केलं तेव्हा तर त्यांची गोष्ट पुरीच झाली. गाव तीस वर्षं ती गोष्ट कुजबुजत होतं. पेपरात द्यायला मात्र कुणी गेलं नाही. तेवढी लाज त्यांना होती.

आता खुर्ची.

लग्नानंतर मी त्या खुर्चीत बसलो नाही. खिडकीखालच्या बाकावर बसायचो. खुर्ची शेगडीच्या बाजूला होती तशीच रिकामी होती. तू तेव्हा सात वर्षांचा. अंधार पडायला लागला की तू स्वयंपाकघरात येईनास. उंबऱ्यावर उभा राहून जेवायला मागायचास. तुझ्या आईला वाटलं, माझ्यामुळे. मलाही तसंच वाटलं आणि मी बाहेर जाऊन गोठ्यात उभा राहायचो, तुझं जेवण होईपर्यंत. तरी तू आत येईनास. शेवटी तिने तुला मांडीवर घेऊन विचारलं. तू म्हणालास, "बाबा बसलेत. ओले आहेत."

ती गोठ्यात आली. म्हणाली, "तू बस त्या खुर्चीत."

"ती हेक्टरची आहे."

"म्हणूनच बस. कुणीतरी बसलेलं असलं म्हणजे तो बसणार नाही."

मी म्हटलं, "गाव काय म्हणेल?"

"गाव लापशी भरवायला येतं का त्याला?"

मी बसलो. तू उंबऱ्यावरून पाहत होतास. बराच वेळ पाहिलंस. मग आत आलास, माझ्याकडे न बघता टेबलापाशी बसलास आणि वाडगा संपवलास. दुसऱ्या दिवशी मी बसलो. तिसऱ्या दिवशीही. मग ती सवय झाली आणि तू विसरलास. विसरावंस हाच हेतू होता, त्यामुळे तक्रार नाही. पण हेक्टर उंच होता आणि खुर्ची त्याच्या पाठीच्या मापाची. माझी कंबर त्या खुर्चीने गेली. तुझ्या आईने उशी शिवून दिली तीही कधी जागेवर राहिली नाही. या घरात मला न आवडणारी एकच वस्तू आहे आणि मी तीस वर्षं तिच्यात बसलोय.

तुमच्या नाटकातही मेजवानी आहे. मेलेला माणूस येऊन राजाच्या जागी बसतो आणि राजा सगळ्या पाहुण्यांसमोर ओरडतो. तो प्रसंग तू छान करतोस असं पेपरात आलंय. असेल. मी ओरडलो नाही. मी त्याच्यावर जाऊन बसलो.

हे मला तुला कधीच सांगायचं नव्हतं. तू सांगायला लावलंस म्हणून मी चिडलोय. खुर्चीबद्दल बोललास म्हणून चिडलोय, राजाबद्दल बोललास म्हणून चिडलोय, आणि या दोन्हींत तुला काही फरक वाटत नाही म्हणून सर्वांत जास्त.

तुझ्या आईला हे पत्र दाखवलेलं नाही.

वॉ. जे.


टिलीब्रे
६ नोव्हेंबर

डूगल,

तुझी आई आणि नेटा शनिवारी जाऊन आल्या. नेटाने दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाला नाटक सांगितलं. "राजा बरा होता," म्हणाली. "राणी जरा जास्तच हात धुते. इतका साबण माझ्याकडे महिन्याला खपत नाही. आणि शेवटी एक जंगल चालत येतं. मी वुलीला म्हटलं, तुझं कुंपणसुद्धा चालत माझ्या वाफ्यात आलंय, त्याचं कुणी नाटक करत नाही."

नाटक संपल्यावर तुझी आई तुला भेटली आणि तू विचारलंस, वॉटी का नाही आला? तिने सांगितलं, गुडघे. मी तसंच सांगायला सांगितलं होतं.

काल ती चहा ओतता ओतता थांबली.

"मेजवानीत तो बसतो ना," ती म्हणाली, "तेव्हा उजवा हात मागे नेतो. असा. कंबरेमागे. उशी सारखी करतो."

"उशी कशाला? राजाच्या सिंहासनावर?"

"तिथे उशी नव्हतीच, वॉटी. हात मात्र गेला."

मी कप पुढे ओढला.

"सबंध नाटकभर," ती म्हणाली. "बसला की हात मागे. शेवटी लढाईला निघतो तेव्हासुद्धा. नेटा मला कोपराने ढोसत होती, अगं हा तर आपला मास्तर."

"त्याला ठाऊक आहे का, कुणाचा हात आहे तो?"

"मी नाही विचारलं," तुझी आई म्हणाली. "तू विचार."

मीही विचारत नाही. एवढंच सांगतो की मी चहा निवू दिला आणि मग तसाच प्यालो. मला वाटत होतं, तू उंबऱ्यावरून खुर्ची पाहायचास. तू माझ्याकडेही पाहत होतास.

राग गेलेला नाही. नाटक खोटंच आहे आणि मुलाखत त्याहून खोटी. हे वाचून मी मऊ झालो असं समजू नकोस.

गुडघे ठीक आहेत. दुखणं पोटात आहे. उन्हाळ्यात कळलं. अ‍ॅबरडीनच्या डॉक्टरने कागदावर चित्र काढून दाखवलं, कुठे आहे आणि कुठपर्यंत गेलंय. चित्र सुबक होतं. मी त्याला पैकीच्या पैकी दिले असते. पुढचा वसंत ऋतू मला दिसेल का, याबद्दल तो काही बोलला नाही आणि मीही विचारलं नाही. दर गुरुवारी नर्स येते. टेकडीवर जायचं मी ऑगस्टमध्येच सोडलं, आणि यंदाचा दगड ठेवायचा राहिला.

तुला न कळवण्याचं मीच ठरवलं होतं. तुझी आई त्यावरून माझ्याशी महिनाभर भांडली. तालीम चालू असताना कळवू नये असं मला वाटत होतं. पेपर आल्यावर वाटलं, आता तर नकोच, दया नको.

मग रविवारी अ‍ॅली क्रुकशँक आला. तू त्याला सुतार म्हणूनच ओळखतोस, पण शवपेट्याही तोच करतो. कार्ड घेऊन आला होता. तुला माहीत असेलच, तरी शहरात विसरला असशील म्हणून लिहितो: पेटीचं चित्र आणि भोवती आठ आकडे. पेटी खाली सोडताना कुणी कुठली दोरी धरायची ते. आपल्याकडे काही माणसं स्वतःच ठरवून ठेवतात, म्हणजे मागाहून रुसवेफुगवे नकोत. मी वर्गात पोरं बसवायचो तशी माणसं बसवली. वुलीला पायाकडे टाकलं. हेक्टरचा भाऊ डावीकडे, कारण उजव्या कानाने त्याला ऐकू येत नाही.

"आणि एक नंबर?" अ‍ॅलीने विचारलं. "डोक्याकडची?"

"ती मुलाची असते."

"तेच विचारतोय."

"मला मुलगा नाही," मी म्हटलं.

"मग डूगल कोण?"

"हेक्टरचा."

अ‍ॅलीने पेन्सिल कानामागे खोचली. तुझी आई मोरीपाशी पाठमोरी उभी होती. वळलीच नाही. "रिकामी ठेव ती," म्हणाली. "नसेल धरायचं कुणाला तर राहू दे रिकामी."

"रिकामी ठेवता येत नाही, इशबेल," अ‍ॅली म्हणाला. "मास्तर खाली डोकं वर पाय जाईल."

"जाऊ दे. वर्गात पोरांना उभं करायचा तसंच."

आम्ही तिघंही हसलो. मला हसताना दुखतं, तरी हसलो.

अ‍ॅली गेल्यावर मी एक नंबरपुढे तुझं नाव लिहिलं. पेनाने. तुला विचारायला हवं होतं, ते आता विचारतोय. कार्ड सोबत आहे. धरायची नसेल तर अ‍ॅलीला कळव. मला कळवू नकोस, म्हणजे मला तेवढी एक गोष्ट न कळता जाता येईल. हेक्टरच्या वेळी तू सहा वर्षांचा होतास. एक नंबरची दोरी तुझ्या हातात दिली होती आणि तुझ्या मागून ती मीच धरली होती, कारण तुझ्या हाताला वजन पेललं नसतं. हेही तुला आठवत नसणार.

आता राजाचं थोडं राहिलंय. तो इथे पडल्यावर त्याचा देह पश्चिमेच्या बेटावर नेला, आयोनाला, जिथे राजांना पुरत. कुणी नेला ते लिहिलेलं नाही. लिहिलंय एवढंच की त्याच्यामागे लुलाखला गादीवर बसवलं. काही महिन्यांत तोही मारला गेला आणि बखरवाल्यांनी त्याला मूर्ख ठरवलं. जिंकणाऱ्यांच्या बाजूला जाता आलं असतं त्याला. त्या बाजूला सगळ्यांनाच जागा होती. तो सावत्र बापाच्या जागी बसला.

जन्मभर मी पोरांना सांगितलं, जे लिहिलेलं नाही ते बोलू नये. त्या दगडांपाशी तुलाही तेच उत्तर दिलं होतं. आज माझा विषय बाजूला ठेवून लिहितो: त्याला नेणाऱ्यांत लुलाख होता.

लुलाखला राजा आवडायचा का, ते मला अजूनही सांगता येत नाही. राजाला लुलाख आवडायचा. तेवढं मला माहीत आहे.

खुर्चीचं राहिलं. ती आता रिकामी होईल. संध्याकाळी तुझी आई स्वयंपाकघरात दिवा लावायला जाईल तेव्हा तिला ती दिसेल. ती घाबरणारी बाई नाही. तूही घाबरट मुलगा नव्हतास.

उशी मी तिथेच ठेवतोय.

वॉटी